छत्री, कुलूप, लिंबू

मावशी चौथी नापास होती, तरी अख्खं कोर्ट तिला प्रोफेसरबाई म्हणायचं. चहावाला म्हणायचा, टायपिस्ट म्हणायचे, सरकारी वकील तर हमखास म्हणायचे. नव्याने आलेल्या कारकुनाला वाटे, हातात झाडू घेतलेल्या बाईची ही सगळे मिळून टर उडवतायत. टर होतीच, नाही कशाला म्हणा. पण त्यामागे एक मोठी भानगड होती, आणि ती मावशीने स्वतःच्या हाताने, अगदी मनापासून करून ठेवली होती. वाईट हेतूने केलेली भानगड निस्तरता येते. चांगुलपणाने केलेली निस्तरायला बसलं की शिव्या कुणाला घालायच्या तेच कळत नाही.

कोर्टाच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. आज तिथे चष्म्याचं दुकान आहे, गुळगुळीत काचा, आत गार हवा. मावशी कधी त्या बाजूला गेली की समोरच्या फुटपाथवर थांबते आणि वरच्या खिडकीकडे बघत राहते. लेक म्हणते, "आई, काय आहे तिथे बघण्यासारखं?" आता काय सांगणार कप्पाळ. तेवीस वर्षं गेली तिची त्या दोन खोल्यांत.

बाहेरच्या खोलीत दोन बाक, पाण्याचं पिंप आणि मावशीचं स्टूल. आतल्या खोलीत बाईंचं टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, टोक केलेल्या पेन्सिलींचा डबा आणि गळ्यात अडकवायचं एक जुनं स्टॉपवॉच. मध्ये भिंत नव्हती. प्लायवूडचं पार्टिशन होतं, तेही छतापर्यंत न पोचलेलं. फिनेलचा वास आणि पेन्सिलीच्या सालींचा वास मिळून त्या खोल्यांना एक स्वतःचा वास होता. मावशीला तो अजून अधूनमधून येतो, कुठून ते कळत नाही.

बाई मनाची तपासणी करायच्या. गुन्हा अंगावर आलेल्या माणसाचा वकील त्याला बाईंकडे पाठवायचा. हा माणूस भानावर होता का, आपण काय केलं हे त्याला समजतं का, खटला चालवला तर त्यातलं काही त्याच्या डोक्यात शिरेल का, हे बघायचं आणि अहवाल लिहायचा. गोळ्या नाहीत, सुया नाहीत, तरी निम्मी गल्ली त्यांना डॉक्टर म्हणायची. मावशी मात्र पहिल्या दिवसापासून बाईच म्हणाली, शाळेत म्हणतात तसं. घोळाची सुरुवात तिथेच झाली म्हणायची.

आतलं बोलणं बाहेर ऐकू यायचं. इथलं इथेच राहिलं पाहिजे, असा बाईंचा हुकूम होता, आणि मावशीने तो सोळा वर्षं पाळला. नवऱ्यासमोरसुद्धा कधी ब्र काढला नाही. पण ऐकूच न येण्यासाठी कान काही घरी ठेवून येता येत नाहीत. आज वार कोणता, महिना कोणता. मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारीन: छत्री, कुलूप, लिंबू. शंभरातून सात वजा करत जा. एक गोल काढा, त्यात घड्याळाचे आकडे भरा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आता सांगा, मघाचे तीन शब्द कोणते? चोर असो, मारामारी करून आलेला असो, घर पेटवून आलेला असो, सगळ्यांना हेच. एकाला सोपं आणि दुसऱ्याला अवघड, हे बाईंना चालत नसे. माप एकच हवं, म्हणायच्या. आणि उत्तर बरोबर की चूक, हे त्या कधीच सांगायच्या नाहीत. "ठीक आहे, पुढे," एवढंच. समोरचा कितीही आशेने बघत असला तरी चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

एवढं झाल्यावर मावशीला सगळं पाठ होणारच. ती फरशी पुसायची तीसुद्धा त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर करत. इतर कुठल्याही हिशोबात तिची मती गुंग व्हायची, पण शंभरातून सात वजा करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बाई विचारतात, माणूस उत्तर देतो, बाई लिहून घेतात. ही परीक्षा नाही तर काय? आणि परीक्षेत पास व्हावं की नापास, हे काय कुणाला विचारायचं असतं? मावशीने सोळा वर्षांत कधी विचारलं नाही. माणसं यायची, जायची, पुढे त्यांचं काय झालं ते या खोलीपर्यंत पोचायचं नाही. ती स्वतः चौथीत गणितात आपटली होती, आणि त्याच दिवशी बापाने तिची पाटी धाकट्या भावाला देऊन टाकली होती. नापास या शब्दाची धास्ती तिच्या हाडात बसली होती.

अशात एका सकाळी गवंडी आला, बहिणीबरोबर.

चाळिशीचा माणूस, रुंद पंजे, नखांत चुन्याची पांढरी रेघ कायमची बसलेली. बहीण त्याच्याहून मोठी, कपडे शिवणारी, बोटांना सुयांचे व्रण. जामीन तिनेच मिळवला होता. बाई दुसऱ्या एका खटल्यात साक्ष द्यायला गेल्या होत्या आणि अडकल्या होत्या. दोन-अडीच तास बसायचं होतं. गवंडी दर दहा मिनिटांनी विचारायचा, "ताई, आपण इथे कशाला आलोय?" आणि बहीण दर वेळी तितक्याच शांतपणे सांगायची, "बाईंना भेटायला." तो म्हणायचा, "बरोबर?" ती म्हणायची, "बरोबर." मग त्याचा जीव भांड्यात पडायचा, दहा मिनिटांसाठी.

मावशीने पाणी दिलं. पाणी दिलं की माणसं बोलतात, हा तिचा अनुभव. बहिणीने हळू आवाजात सगळं सांगितलं. दीड वर्षापूर्वी तो परांचीवरून पडला, डोक्यावर. जुनं सगळं आठवतं. आई, शाळा, कुठल्या इमारतीची कुठली भिंत कधी बांधली. नवीन काही टिकत नाही. तरी कामावर जायचा, कारण हात विसरले नव्हते. एके दिवशी त्याने दरवाजाच्या जागेवरच भिंत रचून बंद केली. मुकादम ओरडला. हा म्हणाला, मी नाही बांधली. खरंच आठवत नव्हतं हो त्याला. सगळे हसायला लागले, कुणी डोक्यात टपली मारली, आणि याने फावडं उचलून मुकादमाच्या डोक्यात घातलं. मुकादम वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा गेला.

"तेही याला आठवत नाही," बहीण म्हणाली. "रोज सकाळी कामावर निघतो. रोज सांगावं लागतं, तू असं असं केलंस, खटला चालू आहे. रोज नव्याने ऐकतो आणि रोज नव्याने रडतो. मुकादमाच्या घरी जाऊन पाया पडतो म्हणतो. उद्या याला तुरुंगात टाकलं ना मावशी, तर तिथे रोज सकाळी कोण सांगणार, तू इथे का आहेस ते?"

मावशीने विचारलं, "वकील काय म्हणतात?"

"म्हणतात, सगळं बाईंच्या तपासणीवर आहे."

झालं. मावशीने इकडेतिकडे पाहिलं. सोळा वर्षं पाळलेला हुकूम तिने त्या क्षणी मोडला, आणि मोडताना तिला आपण फार फार पुण्याचं काम करतोय असं वाटलं. तिने स्टूल बाकाजवळ ओढलं आणि गवंड्याला म्हणाली, "हे बघा दादा. माझ्यासारखं करा." तिने हात वर करून छत्री उघडली. मग मुठीत किल्ली धरून कुलूप फिरवलं. मग दोन बोटांत लिंबू पिळलं आणि आंबट लागल्यासारखा एक डोळा बारीक केला. गवंडी खुदकन हसला. त्याने केलं. पाच मिनिटांनी विचारलं तर शून्य. पुन्हा छत्री, पुन्हा कुलूप, पुन्हा लिंबू. घड्याळ मात्र त्याला दाखवावं लागलं नाही. खिशातली सुतळी काढून त्याने फरशीवर खडूने असा गोल काढला की मावशीच्या हातून तो पुसवेना. काटे कुठे ठेवायचे तेवढं ती घोटून घेत राहिली.

त्या दिवशी बाई आल्या त्या थकून, आणि नुसती ओळख करून घेऊन त्यांनी पंधरा दिवसांनंतरची वेळ दिली. मावशीने जिन्यात बहिणीला गाठलं. "घरी रोज करून घ्या. आकडेही लिहून देते. जेवताना, उठताना, बसताना. पाठ झालं पाहिजे."

बहीण मावशीच्या हाताला धरून रडली. मावशी त्या दिवशी घरी गेली ती तरंगतच.

पंधरा दिवसांनी गवंडी आत गेला आणि मावशी पार्टिशनला कान लावून बसली, उघड उघड. बाईंनी शब्द सांगितले. आकडे विचारले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, गाडी घसरली नाही. पेन्सिलीचा गोल काढल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "मघाशी मी तीन शब्द सांगितले होते." मावशीने बाहेर हात वर करून छत्री उघडली, जणू तो पाहणार होता. आणि आतून आवाज आला, "छत्री. कुलूप. लिंबू. बरोबर?"

"ठीक आहे, पुढे," बाई म्हणाल्या.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी दहावी झाली तेव्हासुद्धा तिला इतकं भरून आलं नव्हतं.

चार दिवसांनी गवंड्याचा वकील आला, ताडासारखा उंच माणूस, दारातून वाकून यायचा. बाईंनी त्याला कागद दाखवले. मग बाई म्हणाल्या, "मला तुमच्या उपयोगाचं काही लिहिता येणार नाही. मी एक गोष्ट सांगितली, त्यातलं त्याला एक वाक्य आठवलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी मला भेटल्याचं आठवलं नाही. पण तीन शब्द, वजाबाकी, घड्याळ, सगळं अचूक. जड ते येतं आणि सोपं ते येत नाही. हे ढोंग करणाऱ्याचं लक्षण आहे."

"तो ढोंग करतोय असं वाटत नाही हो," वकील म्हणाला.

"मलाही वाटत नाही. पण माझ्या वाटण्याला कोर्टात कोण विचारतो?"

"मग हा अहवाल मी देतच नाही. पण अहवाल नाही म्हणजे आपल्या हातात काहीच नाही. इथे नापास झाला असता तर इस्पितळात गेला असता, उपचार मिळाले असते, बहीण भेटायला गेली असती. पास झाला, म्हणजे आता सात-आठ वर्षं आत."

मावशी चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप तसाच परत नेला, पिंपाशेजारी ठेवला आणि स्टुलावर बसली. बाईंनी नंतर हाक मारली, "मावशी, चहा?" तर ती म्हणाली, "दूध नासलं." खोटं बोलली. दूध चांगलं होतं.

त्या शनिवारी आणि रविवारी मावशीच्या घरात तिच्याशी कुणाला धड बोलता आलं नाही. सांगितलं तर नोकरी जाणार, हे उघड होतं. नवरा तेव्हा घरी बसलेला, मुलगी कॉलेजात. न सांगितलं तर कुणाला कळणार होतं? बहीण सांगणार नव्हती. ती बिचारी अजून मावशीला दुवा देत असेल. नेमकं तेच मावशीला सोसेना. तो माणूस एका अनोळखी खोलीत सकाळी उठेल, शेजाऱ्याला विचारील, मी इथे कशाला आलोय, आणि शेजारी हसेल. मागे असेच सगळे हसले होते तेव्हा काय झालं होतं?

सोमवारी बाई आल्या आल्या ती आत गेली आणि कधी नव्हे ती समोरच्या खुर्चीत बसली, आरोपीच्या.

"बाई, गवंड्याला मी शिकवलं."

बाईंना आधी कळेचना. मग कळलं. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, पुन्हा घातला. मावशी म्हणते, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "किती दिवस? रोज किती वेळा? कसं शिकवलं, करून दाखव."

मग मावशीने त्या खुर्चीत बसून छत्री उघडली, कुलूप फिरवलं आणि लिंबू पिळलं. डोळा बारीक करताना तिला रडू फुटलं. बाई लिहीत राहिल्या. सगळं लिहून झाल्यावर म्हणाल्या, "तू मूर्खपणा केलास. पण सोळा वर्षं तेच तीन शब्द त्याच पार्टिशनमागे मोठ्याने विचारत बसणारी मी. मीही काही कमी नाही." आणि थोड्या वेळाने, "हे मला अहवालात लिहावं लागेल. तुला कोर्टात सांगावं लागेल. माझी अब्रू जायची ती जाईल."

"आणि माझी नोकरी?"

"आधी सांग तर कोर्टात," बाई म्हणाल्या. "मग बघू."

बाईंनी गवंड्याला पुन्हा बोलावलं, या वेळी तीन नवे शब्द घेऊन. पाच मिनिटांनी विचारलं, तर तो छातीठोकपणे म्हणाला, "छत्री, कुलूप, लिंबू. बरोबर?" चार वेळा वेगवेगळे शब्द दिले, चारही वेळा तेच उत्तर. बाईंनी सगळं लिहिलं.

कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर मावशीला पहिल्यांदा कळलं की लाकडी कठड्याला किती जणांच्या हातांचा घाम लागलेला असतो. सरकारी वकील हसतमुख माणूस. त्यांनी आधी बाईंना सोलून काढलं. ज्यांच्या कचेरीत शिपाई पेपर फोडतात त्यांच्या अहवालावर विश्वास काय ठेवायचा, असं सगळ्यांदेखत विचारलं. बाई मान ताठ ठेवून उभ्या राहिल्या. मग मावशीची पाळी.

"तुम्ही आरोपीला शिकवलंत?"

"हो साहेब."

"आणि तो शिकला?"

"शिकला."

"वा, प्रोफेसरबाई," सरकारी वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाले. "म्हणजे आरोपीची स्मरणशक्ती उत्तम आहे. मग भांडण कशाचं?"

कोर्ट हसलं. गवंडीही हसला, सगळे हसतात म्हणून. ते पाहिलं आणि मावशीचं डोकं फिरलं.

"साहेब, तीन शब्द शिकायला त्याला पंधरा दिवस लागले," ती म्हणाली. "रोज तीस-चाळीस वेळा. बहीण घास भरवताना म्हणून घ्यायची. तुम्हाला पंधरा दिवस शिकवायला घेतलं तर मी अख्खी रामरक्षा पाठ करून घेईन. आणि तो शिकला तेवढे तीनच. आपण कुठे आहोत, कशाला आहोत, त्याला आत्ता विचारा. मी शिकवलेलं नाही ते विचारा."

न्यायाधीश म्हातारे होते, कमी बोलणारे. त्यांनी गवंड्याकडे पाहिलं. "तुम्ही इथे कशासाठी आला आहात?"

गवंड्याने भिंतींकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "काम बघायला," तो म्हणाला. "ही भिंत ओळंब्यात नाही, कललीय. बरोबर?"

कुणी हसलं नाही. महिनाभराने निकाल लागला. तुरुंग नाही, इस्पितळ.

मावशीची नोकरी गेली नाही. पण बाई आठ दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि तो आठवडा तिला सोळा वर्षांपेक्षा लांब वाटला. मग एक दिवस त्यांनी एक जुना रेडिओ आणून बाहेरच्या खोलीत ठेवला; आत कुणी असलं की तो चालू ठेवायचा. आणि ताकीद दिली: पाणी द्यायचं, बाकी तोंड बंद. पुढची सात वर्षं मावशीने आतलं एक अक्षर ऐकलं नाही. रेडिओवरचे बाजारभाव आणि बातम्या तिला तोंडपाठ झाल्या. कोर्टात मात्र प्रोफेसरबाई हे नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. चौथी नापास बाईला आणखी कोण प्रोफेसर म्हणणार?

बाई गेल्या, कचेरी मोडली, तेव्हा सामान आवरताना मावशीने पेन्सिलींचा डबा मागून घेतला. अजून आहे तिच्याकडे, आत पेन्सिली तशाच.

गवंड्याला ती एकदाच भेटली, कचेरी बंद झाल्यावर. बहिणीने बोलावलं होतं. इस्पितळाच्या आवारात झाडांभोवती विटांची नीटनेटकी आळी केलेली, एक वीट दुसरीपेक्षा इंचभर पुढे नाही. शेवटच्या झाडापाशी तो सुतळी ताणून बसला होता. केस पांढरे झाले होते.

"ही कोण, ओळखलंस?" बहिणीने विचारलं.

त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. "नाही," म्हणाला, आणि ओशाळला.

"राहू दे," मावशी म्हणाली. "कशाला त्रास देता त्याला." ती वळणारच होती, तेवढ्यात त्याने हातातली थापी खाली ठेवली. त्याचा हात वर गेला आणि हवेत छत्री उघडली. मग मूठ वळली, कुलूप फिरलं. मग दोन बोटं पिळली गेली आणि एक डोळा बारीक झाला. कुणी शिकवलं, कधी, कशासाठी, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. मावशीचा चेहरा पाहिला आणि हात आपोआप चालले, एवढंच.

"बरोबर?" त्याने विचारलं.

मावशीला बाई आठवल्या, त्यांचा न हलणारा चेहरा, ठीक आहे, पुढे. तेवीस वर्षांत त्या खोलीत कुणालाही न मिळालेलं उत्तर तिने त्याच्याजवळ मातीत बसून दिलं.

"बरोबर, दादा. अगदी बरोबर."

तो हसला आणि पुढची वीट उचलली.